थंडीने करपलेल्या बागेला लगेच कात्री नको

थंडीची लाट आली की बातम्या निफाड आणि धुळ्याच्या पाऱ्याभोवती फिरतात. पारा चढला की विषय संपतो. मोसंबी, लिंबू, कढीपत्ता अशा सदाहरित झाडांचे नुकसान किती खोलवर गेले, हे मात्र त्यानंतरच कळू लागते. नेमक्या त्याच वेळी अनेक जण कात्री हाती घेतात. ही घाई थंडीपेक्षा महाग पडू शकते.

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी वा अधिक कमी असले, किंवा थेट 4 अंशांपर्यंत उतरले, तर थंडीची लाट मानतात. पण हे मोजमाप जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीतले असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाने हवेपेक्षाही थंड होतात आणि थंड हवा सखल भागात साचते. केंद्रावर 3-4 अंशांची नोंद असताना तुमच्या खोलगट तुकड्यात दव गोठलेले असू शकते. शेजारच्या चढावरची बाग हिरवी आणि तुमची करपलेली, याचे कारण बहुधा हेच असते.

आता झाड वाचायला शिका. लिंबूवर्गीय झाडाची करपलेली पाने लवकर गळून पडली, तर घाबरू नका. पान टाकून देण्याइतकी फांदी जिवंत आहे. पाने वाळून फांदीलाच चिकटून राहिली, तर ती फांदी मेल्याची शक्यता जास्त. खात्रीसाठी नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवी ओली असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडी असेल तर मेलेली. तरीही लगेच कापू नका. फांदीची मर वरून खाली काही आठवडे सरकत राहते. कधी नवी फूट येऊन तीही सुकते. फूट पक्की होऊन मेल्या-जित्याची सीमा स्पष्ट झाली, की तिच्या थोडे खाली, जिवंत भागात काप घ्या. जाड कापांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर). पाने गेल्याने उघडी पडलेली खोडे मार्चच्या उन्हात भाजतात, त्यांना चुन्याचा हात द्या.

पाणी नेहमीपेक्षा कमी द्या, पण मुळाशी ओल टिकवा. पानेच नाहीत तर झाड पाणी ओढणार कुठून? फूट येण्याआधी युरिया टाकू नका. नंतर नत्र हप्त्याहप्त्याने द्या. आंबे बहारासाठी ताण चालू असेल आणि बाग जबर करपली असेल, तर माझ्या मते त्या बहाराचा हट्ट सोडून ताण तोडावा. कलमी मोसंबीत जोडाखालून जंबेरीची फूट जोरात येते. ती दिसताच काढा, नाहीतर हिरवीगार बाग जंबेरीचीच उरेल.

छाटणी थांबवण्याला आणखी एक कारण आहे. आपत्ती मदतीच्या यादीत थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश आहे आणि पीक नुकसान 33 टक्के किंवा अधिक असावे लागते. करपलेल्या फांद्या कापून बांधावर जाळल्या, तर पंचनाम्याला दाखवणार काय? तारीख दिसेल असे फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना लेखी कळवा. कृषी सहायकांनीही अशा बागा दोनदा पाहाव्यात, एकदा लाटेनंतर लगेच आणि पुन्हा तीन-चार आठवड्यांनी. पहिल्या भेटीत मेलेल्या फांद्यांचा नेमका हिशोब लागत नाही.