धावपट्टी संपल्यानंतरचे २४० मीटर

विमान अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न वैमानिकाविषयी विचारला जातो, दुसरा विमानाविषयी. जमिनीविषयीचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. लहान विमानतळांच्या बाबतीत मात्र तोच सर्वांत आधी यायला हवा, असे माझे मत आहे. तिथल्या सुरक्षिततेचा मोठा भाग विमान येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, भूसंपादनाच्या नकाशावर ठरून गेलेला असतो.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या एका सूत्रापासून सुरुवात करू. थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओल्या धावपट्टीवर ब्रेक आणि उलटा रेटा मिळून विमानाचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे ढोबळमानाने धरू. धावपट्टी संपताना वेग ताशी ७२ किलोमीटर उरला असेल, तर विमानाला आणखी १०० मीटर लागतील. ताशी १०८ असेल, तर २२५ मीटर. आणि ताशी १४४ असेल, तर ४०० मीटर. पहिल्या आणि तिसऱ्या उदाहरणात वेग दुप्पट झाला, अंतर चौपट.

आता नियम पाहा. नियमित प्रवासी विमाने उतरतात अशा धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरची मोकळी पट्टी आणि तिच्यापुढे किमान ९० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. शक्य तिथे हे क्षेत्र २४० मीटरचे असावे, अशी त्याच मानकाची शिफारस आहे. विमान वाहतुकीच्या परिभाषेत या क्षेत्राला ‘रेसा’ म्हणतात. किमान अट पाळली तर टोकापुढे १५० मीटर मिळतात, शिफारस पाळली तर ३००. म्हणजे वरच्या हिशेबातले पहिले विमान दोन्ही ठिकाणी वाचते, दुसरे फक्त शिफारस पाळलेल्या ठिकाणी वाचते आणि तिसरे कुठेच वाचत नाही. ‘किमान’ आणि ‘शिफारस’ या दोन शब्दांमधले अंतर कागदावर क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात त्या अंतरात एक भरलेले विमान मावते.

२२ मे २०१० रोजी मंगळुरूला दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान २४५० मीटरच्या धावपट्टीपैकी सुमारे १६०० मीटर मागे टाकून टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती. ती मानली गेली नाही. टोकापुढचे सुरक्षा क्षेत्र ९० मीटरचे होते. ते ओलांडल्यावर विमानाचा पंख अवतरण-मार्गदर्शक अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळला आणि विमान दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने मुख्य दोष वैमानिकाच्या निर्णयाला दिला, आणि ते योग्यच होते. पण धावपट्टीच्या टोकापुढे, विमान चुकले तर नेमके जिथे जाईल तिथे, न मोडणारे काँक्रीट वैमानिकाने उभे केले नव्हते.

कोझिकोडची धावपट्टीही टेबलटॉप, म्हणजे डोंगराचा माथा सपाट करून बांधलेली. पावसात आणि मागून वारा असताना तिथे उतरणे धोक्याचे आहे, असा लेखी इशारा नागरी विमान वाहतूक सुरक्षा सल्लागार समितीतील एका सदस्याने २०११ मध्येच दिला होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात, मागून वारा असताना, तिथे उतरणारे विमान २७०० मीटरपैकी जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकले आणि सुरक्षा क्षेत्रही ओलांडून खाली पडले. २१ जणांचा जीव गेला. इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, जमीन सगळ्या चुका पोटात घालत नाही. वेग फार असेल तर २४० मीटरही अपुरे पडतात. परंतु मोकळी जमीन किंवा तिला पर्याय ठरणारी एखादी रोधक व्यवस्था जितकी अधिक, तितक्या अधिक चुका प्राणघातक होण्यापासून वाचतात.

अशी रोधक व्यवस्था अस्तित्वात आहे. धावपट्टीच्या टोकाला हलक्या, चुरा होणाऱ्या काँक्रीटचे ठोकळे बसवतात. विमानाची चाके त्यात रुततात आणि वेग शोषला जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर माइक पेन्स यांचे विमान धावपट्टी सोडून पुढे गेले, ते अशाच ठोकळ्यांत रुतून थांबले. प्राणहानी झाली नाही. हे ठोकळे महाग असतात, हे खरे. पण जिथे डोंगर संपतो तिथे जमीन विकत घेऊन भागत नाही, दरीत भराव घालावा लागतो. आणि तोही स्वस्त नसतो.

मग अडते कुठे? कोझिकोडलाच २०२२ मध्ये धावपट्टीची लांबी घटवून सुरक्षा क्षेत्र वाढवण्याचा प्रस्ताव आला. लांबी घटली तर मोठी विमाने येणार नाहीत, आखाती देशांत राहणाऱ्यांची आणि हजयात्रेकरूंची गैरसोय होईल, या भीतीने मलबारमध्ये तीव्र विरोध झाला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्या लोकांना दोष देणे मला जमत नाही. धावपट्टीची लांबी दिसते, तिच्यावर कोणते विमान येते हे दिसते. सुरक्षा क्षेत्र मात्र रिकाम्या माळासारखे दिसते. रिकाम्या जमिनीसाठी मोर्चा कोण काढणार?

हा प्रश्न आता एकट्या कोझिकोडचा राहिलेला नाही. २०१४ मध्ये देशात ७४ विमानतळ कार्यरत होते, २०२४ पर्यंत ती संख्या १५७ झाली. ‘उडान’ योजनेचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून निघाले. तिथली धावपट्टी जेमतेम १२३० मीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर. विरळ हवेत पंखांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी अधिक वेग लागतो, अधिक वेगासाठी अधिक धावपट्टी लागते, आणि ती नसल्याने प्रवासी कमी घ्यावे लागतात. तिकीट विक्रीच्या दृष्टीने हा तोटा आहे. पण तो आधीच मान्य करून उडणे यालाच नियोजन म्हणतात. याउलट सिक्कीमचे पाक्योंग. सुमारे ६०० कोटी रुपये खर्चून डोंगरउतारावर १७०० मीटरची धावपट्टी उभारली, सप्टेंबर २०१८ मध्ये थाटात उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी नियमित सेवा थांबली. डोळ्यांनी पाहून उतरण्यासाठी जी दृश्यता लागते, ती त्या ढगाळ डोंगरात वारंवार मिळत नव्हती. ढग उद्घाटनानंतर आले नव्हते. धावपट्टी बांधणारे अभियंते निष्णात होते, हे तिथला उंच भराव पाहून कोणीही मान्य करील. पण वर्षभरात किती दिवस उतरता येईल, या प्रश्नाला धावपट्टीच्या लांबीइतके वजन मिळाले नाही.

कुंपणाबाहेरची गोष्ट याहून दुर्लक्षित आहे. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किलोमीटरच्या परिघात पक्षी आकर्षित होतील असा कचरा टाकण्यास किंवा उघड्यावर जनावरे कापण्यास १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने बंदी आहे. ही बंदी प्रत्यक्षात पाळायची कोणी? विमानतळाच्या व्यवस्थापकाचा अधिकार कुंपणापाशी संपतो. कचरा डेपोची जागा नगरपालिका ठरवते, मांसविक्रीचे परवाने तीच देते, इमारतींना मंजुरीही तीच देते. लहान शहरात विमानतळ आणि कचरा डेपो या दोहोंसाठी गावाबाहेरची स्वस्त, पडीक जमीन शोधली जाते, त्यामुळे ते अनेकदा शेजारी होतात. मग घारी आपले काम करतात. अशा वेळी विमानतळावर फटाके वाजवून पक्षी हाकलणारा कर्मचारी खरे तर नगरपालिकेच्या निर्णयाशी झुंजत असतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नव्या विमानतळाच्या मंजुरीपूर्वी दोन्ही टोकांचे २४० मीटर संपादित झालेले असावेत. मागाहून करू, ही सवलत नसावी. स्थानिक हवामानाच्या निरीक्षणांवर आधारलेला वापरयोग्य दिवसांचा अंदाज प्रकल्प अहवालात जाहीर असावा. आणि विमानतळाच्या सुरक्षा बैठकीत नगरपालिकेचा नगररचना अधिकारी केवळ पाहुणा म्हणून नव्हे, तर उत्तरदायी सदस्य म्हणून बसावा.

विद्यार्थी वाचकांना एक काम सुचवतो. इमारतींच्या उंचीवरील मर्यादा दाखवणारे रंगीत नकाशे भारतीय विमानतळ प्राधिकरण विमानतळनिहाय प्रसिद्ध करते. आपल्या जवळच्या विमानतळाचा असा नकाशा मिळाला, तर तो शहराच्या विकास आराखड्याशेजारी ठेवा आणि धावपट्टीची रेषा दोन्ही बाजूंना वाढवून पाहा. तिच्यावर शाळा, वसाहत, तलाव किंवा कचरा डेपो यांपैकी काय येते, ते खाली प्रतिक्रियांत जरूर लिहा.