ट्रस्टचं हॉस्पिटल, मग एवढं बिल कसं?

हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा तरी माझ्यासमोर येतो. विचारणारा चिडलेला असतो, आणि त्याचं चिडणं मला समजतं. पण धर्मादाय म्हणजे फुकट नव्हे. नर्सचे पगार, ऑक्सिजन, वीज हा खर्च ट्रस्टलाही चुकत नाही. देणगीतून इमारत उभी राहते, पण ती रोज चालवायला मिळकत लागते.

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. आज ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली चालतं, तरीही तिथे ‘जनरल’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन वर्ग आहेतच. प्रायव्हेटवाला जास्त भरतो, म्हणून जनरलवाल्याचा भार हलका होतो. यात मला काही गैर वाटत नाही.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र १२९८ या रुग्णवाहिका सेवेची. मुंबईत ती २००५ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा १०८ ची मोफत गाडी नव्हती. खासगी हॉस्पिटलला जाणाऱ्याकडून पूर्ण भाडं घ्यायचं, सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलला जाणाऱ्याकडून बरंच कमी. रात्री दोन वाजता कुणी रेशन कार्ड मागत नव्हतं. “कुठे न्यायचं?” एवढं विचारलं की परवडतं किती याचा साधारण अंदाज येई.

धर्मादाय हॉस्पिटलांची योजनाही याच तत्त्वावर चालते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. म्हणजे पैसेवाल्यांची बिलं वाढली तर गरिबांचा निधीही वाढतो. तेव्हा चकचकीत लॉबी बघून लगेच नाक मुरडू नका!

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. निधी आहे, खाट आहे, पण रुग्णाला पत्ताच नाही. लालबागच्या चाळीतल्या एका आजींनी पाटल्या मोडून ऑपरेशनचे पैसे भरले. सवलतीबद्दल त्यांना काउंटरवर कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. सूचनेचा फलक होता म्हणे, लिफ्टच्या मागे! हॉस्पिटलने नफा मिळवावा, पण ही माहिती लपवून वाचवलेला पैसा मी नफा मानत नाही.

म्हणून ऑपरेशन ठरलं की काउंटरवर न थांबता थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि “निर्धन रुग्ण निधीतून काय मिळेल?” असं स्पष्ट विचारा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड ठेवा. तातडीच्या वेळी अशा रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणं या हॉस्पिटलांवर बंधनकारक आहे. नकार मिळाला तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा, आणि तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.