कीर्तनाची मांडणी
नारदीय कीर्तन पूर्वरंग आणि उत्तररंग अशा दोन भागांत रंगते. नमनानंतर कीर्तनकार बहुधा संताचे एक पद घेतो आणि पूर्वरंगात त्याचेच निरूपण करतो. विषय एकच, हे या मांडणीचे खरे बळ. श्लोक, ओव्या, दाखले कितीही आले तरी मूळ पदाकडेच वळतात. श्रोते थकण्याच्या बेताला नामगजर होतो, आणि नुसती ऐकणारी सभा टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागते. उत्तररंगात तोच सिद्धान्त आख्यानातल्या माणसांच्या सुखदुःखातून पटतो. कीर्तनकार उभ्यानेच बोलतो, नजर श्रोत्यांवर ठेवतो. अखेरीस मूळ पद पुन्हा गाऊन आरती होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आजच्या वक्त्यांनी एखादे कीर्तन आरतीपर्यंत बसून जरूर ऐकावे.