साडेनऊ हजारांचा पिकअप आणि एक स्क्रू

गेले दोन शनिवार माझ्या हातात गिटारपेक्षा सोल्डरिंग आयर्नच जास्त वेळ होतं. परिणामी डाव्या हाताचं एक बोट भाजलंय, वाजवणं बंद, म्हणून आज लिहिणं. विषय आहे इलेक्ट्रिक गिटारचे हंबकर बदलणे. ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट शेवटी डीबगिंगचीच आहे.

आधी हंबकर म्हणजे काय ते थोडक्यात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली केसाइतकी बारीक तांब्याची तार. वर स्टीलची स्ट्रिंग थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या गुंडाळीत सिग्नल तयार होतो. पण तीच गुंडाळी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही इमानेइतबारे पकडते. यावर उपाय म्हणजे दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीची दिशा आणि चुंबकाचा ध्रुव दुसरीच्या उलट. घरघरीची वजाबाकी होते, स्ट्रिंगच्या आवाजाची बेरीज. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ मध्ये हे पिकअप लेस पॉल गिटारवर आले आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. सुरुवातीच्या पिकअपच्या पोटावर 'पेटंट अप्लाइड फॉर' असा स्टिकर असायचा. तेच ते 'पीएएफ', ज्यांच्या नुसत्या नावाने लोक हळवे होतात.

आता माझं रडगाणं. माझी गिटार पहिल्या पगारातली. आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र दर शनिवारी एकाच्या गच्चीवरच्या खोलीत वाजवतो. गेल्या वर्षी कधीतरी वाटायला लागलं की माझा आवाज दबलेला येतोय, तोंडावर उशी ठेवून बोलल्यासारखा. ड्रम सुरू झाले की माझे कॉर्ड गायब. निदान मी लगेच करून टाकलं: पिकअप भंगार आहेत.

मग चार महिने वाचन. रोज रात्री जेवण झालं की चुंबकांचे प्रकार, तारेची जाडी, किलोओहमचे आकडे. या चार महिन्यांत मी गिटार किती वेळा हातात घेतली हे सांगायला लाज वाटते. शेवटी ब्रिजच्या बाजूला बसवायला एक दणकट हंबकर मागवला. सिरॅमिक चुंबक, १५ किलोओहमच्या वर रेझिस्टन्स, किंमत साडेनऊ हजार. तर्क सोपा होता. रॅम घेताना आपण मोठा आकडा बघतो ना, तसंच.

बसवला. घरात एकट्याने वाजवताना काय भारी वाटलं! शनिवारी गच्चीवर गेलो. पूर्वी व्हॉल्यूम निम्म्यावर आणला की स्वच्छ आवाज मिळायचा, आता निम्म्यावर नुसता घुसमटलेला. दोन गाणी झाल्यावर बासवाला मित्र म्हणाला, "आवाज मोठा झालाय रे, पण तू कुठेयस?"

हे लागलं. दहा वर्षं जो माणूस माझ्याबरोबर वाजवतोय त्याला मी ऐकूच येईना.

घरी येऊन गिटार उघडली आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: मोजलं. व्हॉल्यूमचा पॉट निघाला २५० के. हंबकरला साधारणपणे ५०० के लावतात, २५० के सिंगल कॉइलसाठी. पॉटचा आकडा जितका लहान, तितका वरच्या पट्टीतला धारदार भाग ग्राउंडकडे जास्त निसटतो. आणि हा पॉट कोणी बसवला होता? मीच, दोन वर्षांपूर्वी. जुना खराब झाला, दुकानात जो मिळाला तो लावला, आणि विसरलो. कमिट माझाच, शिव्या मात्र पिकअपला.

दुसरी गोष्ट उंचीची. पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात. कधीतरी 'आवाज वाढेल' म्हणून मी ते पिळून जुना पिकअप स्ट्रिंगच्या अगदी जवळ आणून ठेवला होता. फार जवळ नेला की जाड स्ट्रिंगा बाकीच्यांवर कुरघोडी करतात आणि चुंबकाची ओढ स्ट्रिंगला मोकळं थरथरू देत नाही. शेवटच्या फ्रेटवर स्ट्रिंग दाबून पिकअपपर्यंत साधारण दोन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी, मग कानाने ठरवावं. खर्च शून्य.

जुना पिकअप परत लावला, ५०० के चा पॉट बसवला, उंची कमी केली. उशी निघाली!

तर माझं मत असं, आणि ते थोडं ठासून सांगतो. तुमची तक्रार एका वाक्यात लिहिता येत नसेल तर पिकअप विकत घेऊ नका. 'आवाजात मजा नाही' ही तक्रार नाही, तो मूड आहे. 'मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो' ही तक्रार आहे, आणि त्याला उत्तरही आहे: मेणात बुडवून पक्का केलेला पिकअप घ्या. 'ब्रिजचा आवाज फार टोचतो' हीसुद्धा तक्रार आहे, त्यासाठी अल्निको २ चुंबकाचा पिकअप ऐकून बघा, तो अल्निको ५ पेक्षा मऊ असतो. मेटल वाजवायचंय आणि अँपला जोरात ढकलायचंय? मग सिरॅमिक जरूर घ्या. लॅरी डिमार्झिओने १९७२ च्या सुमारास सुपर डिस्टॉर्शन नेमका त्यासाठीच बनवला होता.

किलोओहमच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. तो फक्त तारेची लांबी आणि जाडी सांगतो. तार आणखी बारीक वापरली की तेवढ्याच फेऱ्यांना आकडा वाढतो, ताकद नाही. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे तोच पिकअप डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी मोजला तर आठ-दहा टक्क्यांचा फरक सहज दिसेल. आणि फेऱ्या खरोखरच वाढवल्या तर जोर वाढतो, पण वरची धार कमी होते. फुकट काहीच मिळत नाही. ज्या पीएएफसाठी लोक जीव टाकतात त्यांच्यातही फेऱ्या आणि चुंबकं एकसारखी नव्हती. तेव्हाचा बग आज फीचर म्हणून विकला जातो, आपल्या धंद्यासारखंच.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर दोन व्यावहारिक गोष्टी. एक, ब्रिजवर स्ट्रिंगांमधलं अंतर मोजा, गिब्सन पद्धतीच्या आणि फेंडर पद्धतीच्या ब्रिजसाठी वेगवेगळ्या रुंदीचे हंबकर मिळतात. दोन, तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. सेमूर डंकनच्या चार तारांच्या हंबकरमध्ये हॉट तार काळी, डिमार्झिओमध्ये लाल. एकाची आकृती बघून दुसऱ्याचा पिकअप जोडलात तर माझ्यासारखं बोट भाजून वर काही उपयोग नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी नव्या स्ट्रिंगा, मग उंची, मग पॉट, मग केबल (लांब केबलही वरचा आवाज खाते), आणि सगळ्यात शेवटी पिकअप. प्रत्येक पायरीला तोच तुकडा फोनवर रेकॉर्ड करा. ऑफिसात आपण हेच करतो, लॉग न बघता सर्व्हर बदलत नाही. घरी आलो की अक्कल बॅगेत राहते.

तो साडेनऊ हजारांचा पिकअप वाया गेला नाही. माझा भाचा मेटल वाजवतो, त्याच्या गिटारमध्ये तो अक्षरशः डरकाळ्या फोडतो. पिकअप चांगलाच होता, प्रश्न माझा चुकला होता. पैशांचं दुःख केव्हाच संपलं. त्या चार महिन्यांचं मात्र आहे, रोज रात्रीचा तो एक तास मी गिटार वाजवू शकलो असतो.

असो. बोट बरं झालं की शनिवार आहेच.