चालू आहे, पण तापतंय का?

स्विच बिघडला म्हणजे तो बंद पडला, असं आपण धरून चालतो. खरा बिघाड त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात अतिसूक्ष्म स्विचसाठी कार्बन नॅनोट्यूबच्या गादीवर सोन्याचा पातळ थर देऊन पाहिला. केसाच्या हजारो पट बारीक नळ्यांची ही गादी दाबाखाली किंचित दबते आणि सोनं अधिक ठिकाणी टेकतं. अशा स्विचची परीक्षा एकदा दाबून होत नाही. वीज वाहत असताना तो लाखो वेळा उघडमिट करायचा आणि टेकण्याच्या जागी विजेला होणारा अडथळा मोजत राहायचा. अडथळा वाढू लागला, की चालू असूनही स्विच नापास.

दवाखान्यातल्या प्लगला हा न्याय लावलेला मला क्वचितच दिसला. नोकरीच्या सुरुवातीला एका ग्रामीण रुग्णालयात सक्शन मशीन मध्येच थांबायचं, म्हणून सिस्टरांनी सॉकेटमध्ये आगकाडी खोचून पिन घट्ट केली होती. त्या रात्रीचं बाळ वाचलं. काडी मात्र महिनाभर तिथेच राहिली आणि मीही ती काढायला लावली नाही.

ऑटोक्लेव्हला 10 अँपिअर वीज लागते असं धरा. ढिल्या पिनेपाशी अर्धा ओहम अडथळा आला तरी तो चालतोच. पाच व्होल्ट कमी मिळाले हे कोणाला कळणार? पण तेवढ्याशा जागी 50 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग गन 25 वॅटमध्ये कथील वितळवते!

9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतरच्या तपासण्यांत मी पाहिलं ते मुख्यतः आग विझवायचे सिलिंडर आणि बाहेर पडायचे दरवाजे. हवंच ते. पण प्लगला भार देऊन तपासायलाही हवं.

पिंपळगाव राजासारख्या गावात त्यासाठी बुलडाण्याहून इंजिनिअर यायची वाट पाहायला नको. कोविडमध्ये घेतलेल्या ताप मोजायच्या गन कपाटात पडून आहेत. बऱ्याच गनमध्ये वस्तूचं तापमान दाखवायची सोय असते. महिन्यातून एकदा यंत्र पूर्ण भारावर अर्धा तास चालवावं, बोर्ड न उघडता बाहेरूनच गन रोखावी. शेजारच्या प्लगपेक्षा हा बराच गरम लागला, तर यंत्र बंद करून वायरमनला बोलवावं. सिस्टरांच्या माथी आणखी एक रजिस्टर नको. आकडा बोर्डावरच खडूने लिहिला तरी चालेल.