डोक्याला मार लागला म्हणून जागा गेली?

समजा, तुम्ही कोच आहात. तुमचा मेन प्लेअर फुल फॉर्मात आहे. त्याच्या डोक्याला मार लागतो, डॉक्टर त्याला बसवतात. त्याच्या जागी आलेला नवा पोरगा मैदान गाजवतो. जुना फिट होऊन परतला, तर कुणाला खेळवाल?

२०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स टीमपुढे हाच पेच होता. टीमची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. त्या जागेवर खेळणाऱ्या ॲलेक्स स्मिथचे त्या मोसमात ७० टक्के पास अचूक जात होते. नोव्हेंबरमध्ये त्याला कन्कशन झालं, कॉलिन कॅपर्निक आला आणि कोच जिम हार्बॉ यांनी पुढे त्यालाच कायम ठेवलं.

तुम्ही म्हणाल, 'बरोबरच की! टीम सुपर बोलपर्यंत पोचली ना.' मान्य. प्लेऑफमध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध कॅपर्निक एकटा १८१ यार्ड धावला, क्वार्टरबॅकसाठी तो विक्रम होता. तरी मला हा निर्णय पटत नाही. फॉर्म गेला म्हणून जागा गेली, तर तक्रार नाही. पण मेंदूला मार लागला म्हणून गेली, तर बाकीचे खेळाडू काय शिकणार? गरगरतंय, धूसर दिसतंय, तरी गप्प बसायचं! कन्कशन बाहेरून दिसत नाही; बऱ्याचदा खेळाडूने सांगितलं तरच कळतं.

म्हणून फिट झालेल्याला आधी त्याची जागा परत द्या. नाहीच खेळला, तर खुशाल बसवा. खरं बोलण्याची किंमत मात्र त्याच्याकडून वसूल करू नका.