पाचारण कुणाला?

आयर्लंडमधल्या मेनूथचे सेंट पॅट्रिक्स कॉलेज १७९५ साली सुरू झाले. तिथे घडलेले हजारो धर्मगुरू जगभर गेले. आज त्याच भव्य दगडी इमारतींत धर्मगुरुपदाचे उमेदवार मोजकेच दिसतात. मग देव बोलवायचा थांबला की काय, अशी काळजी आपल्या वसईतही कानावर येते. काळजी रास्त आहे, पण पाचारण म्हणजे फक्त झगा, ही समजूत मला मान्य नाही.

मेनूथचेच फादर निकोलस कॅलन पाहा. १८२६पासून ते तिथे पदार्थविज्ञान शिकवत. लोखंडी गाभ्यावर आधी जाड, मग बारीक तांब्याची तार गुंडाळून त्यांनी १८३६ साली इंडक्शन कॉइल बनवली. जाड तारेतला प्रवाह तोडला, की बारीक तारेत प्रचंड दाब उसळे. याच हातांनी त्यांनी संत आल्फोन्सस लिगोरींची भक्तिपर पुस्तके इंग्रजीत आणली. प्रयोगशाळा आणि वेदी यांत त्यांनी भिंत घातली नाही.

पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये स्पष्ट सांगितले. तरी आपल्या प्रार्थनांत पाचारणाचा विषय आला, की सेमिनरीच आठवते. रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलणारी परिचारिका, मापात पाप न करणारा दुकानदार, सासूला घास भरवणारी सून, यांच्यासाठी आपण कधी प्रार्थना करतो? या अंकात म्हणूनच प्रापंचिकांचे अनुभव आम्ही मुद्दाम पहिल्या पानांवर घेतले आहेत.